रेडिएटरचं पाणी चाखणारा

चांदा शहरात एका मेकॅनिकचं गॅरेज मोहाच्या झाडाखाली होतं. कुठल्याही गाडीत पाणी भरण्याआधी तो त्यातला एक घोट स्वतः प्यायचा आणि मगच रेडिएटरचं झाकण उघडायचा. मला त्याचं हसू यायचं.

त्या मे महिन्यात माझी जीप दर दोन-तीन मैलांवर उकळायला लागली. दुसऱ्या एका मिस्त्रीनं इंजिनला चीर गेल्याचं सांगितलं, गाडी नागपूरला न्या म्हणाला. मला तर पावसानं रस्ते बंद व्हायच्या आत भामरागडला देवीची लस पोचवायची होती.

मोहाखालच्या या मेकॅनिकनं मात्र इंजिनला हातही लावला नाही. गाडी निवू दिली, रेडिएटरमधलं थोडं पाणी काढलं, बोटांवर चोळलं आणि चक्क जिभेला लावलं.

“हे पाणी कुठी भरलं, साहेब?”

“जंगलातल्या एका गावात. बाईकडं पाणी मागितलं, तिनं मडकंभर गढूळ पाणी दिलं. मी तसंच ओतलं.”

“पाणी नाई ते. तांदळाची पेज होय. रेडिएटरच्या नळ्यांत चिकटून राह्यली. इंजिन चांगलं हाय.”

माझा जीव भांड्यात पडला. उन्हातून आलेल्या माणसाच्या हाती तिकडं नुसतं पाणी देत नाहीत, हे मला कुठं ठाऊक होतं.

दुपारभर तो नळ्या धूत बसला. शेवटी आपल्या माठातलं पाणी घेऊन सवयीनं एक घोट प्यायला आणि तांब्या आधी माझ्यापुढं धरला.

“तिनं तुमच्यासाठी देल्ली होती, साहेब,” तो म्हणाला. “तुमी गाडीले पाजली.”