वजाचं चिन्ह

यवतमाळहून पुण्यात आल्यावर मी कोथरूडच्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत लागले. हडपसरच्या एका रुग्णालयातल्या रक्तपेढीचं काम आमच्याकडे होतं. तिथला प्रोग्रॅम जुना, डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवरचा. काळ्या पडद्यावर कमांड टाईप करून पेशंटचा नंबर दिला की रक्तगट यायचा. लिहिणारा कधीच अमेरिकेला गेलेला, मूळ कोड कुणाकडेच नव्हता. जुना कॉम्प्युटर सारखा बंद पडायला लागला, तेव्हा आम्ही नव्यावर लिनक्स ही दुसरी सिस्टिम घातली आणि मध्ये एक सॉफ्टवेअर बसवलं. त्यामुळे प्रोग्रॅमला वाटायचं, आपण अजून डॉसवरच आहोत. चाचणीत सगळं नीट चाललं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिथल्या डॉक्टरबाईंचा फोन आला. काही पेशंटच्या रक्तगटापुढे चिन्हच दिसत नव्हतं. नुसता ए, नुसता बी.

"तुम्ही आधी इकडे या," एवढंच म्हणाल्या.

स्वारगेटला बस बदलताना माझ्या लक्षात आलं. जुन्या प्रोग्रॅमने वजासाठी साधी रेघ न वापरता कुठलं तरी खास अक्षर वापरलं असणार, आणि ते नव्या पडद्यावर उमटत नसणार. म्हणजे पॉझिटिव्ह सगळे बरोबर, फक्त निगेटिव्हचं चिन्ह गायब. कोरी जागा पाहून कुणी पॉझिटिव्ह धरलं तर?

पोचल्यावर कळलं, कुणीतरी धरलंच होतं. सकाळी एका बाळंतिणीसाठी ए पॉझिटिव्हची पिशवी वर ऑपरेशन थिएटरमध्ये गेली होती. बाई निगेटिव्ह होती.

डॉक्टरबाईंनी माझ्यासमोरच ऑपरेशन थिएटरला फोन लावला. नर्स "बघून सांगते" म्हणाली आणि रिसीव्हर बाजूला ठेवून गेली. त्यातून कुठल्याशा ट्रॉलीची चाकं ऐकू येत होती. डॉक्टरबाई माझ्याकडे बघतही नव्हत्या. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नर्स परत आली. रक्तस्राव आपोआप थांबला होता, पिशवी चढवलीच नव्हती.

"परत पाठवा," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी फोन ठेवला. मग मला म्हणाल्या, "जुनं मशीन सुरू करा. आत्ता."

ते अक्षर मी नंतर दुरुस्त केलं. एकेक निगेटिव्ह पेशंट दोन्ही मशीनवर ताडून पाहिल्याशिवाय त्यांनी नव्याला हात लावू दिला नाही. त्याच दिवसांत ती बाळंतीण मला जिन्यापाशी भेटली, कुशीत बाळ घेऊन; यादीतलं तिचं नाव मनगटावरच्या पट्टीवर दिसलं. लिफ्ट कुठे आहे, असं तिने विचारलं. मी नुसती हाताने दिशा दाखवली.