स्पर्शाचा रकाना

घाटंजीजवळच्या आमच्या गावाहून मी पुण्याला निघाले, त्या जूनमध्ये घराचे दार अर्धेच उघडत होते. भाव वाढेल या आशेने बाबांनी दिवाळीपासूनचा कापूस विकला नव्हता. पुढच्या खोलीत तो आढ्याला टेकला होता. त्यामुळे निरोप अंगणातच झाला. आईने हातावर दही ठेवले. माझ्याहून दोन वर्षांनी लहान असलेली वैशू एवढ्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालून तुळशीपाशी उभी होती. जवळ आलीच नाही. "रुसली असंल," बाबा म्हणाले. मीही तेच मानले आणि बस पकडली.

पुण्यात जीवरसायनशास्त्र झाले, मग बंगळुरूची प्रयोगशाळा. गेल्या वर्षी हौसेने एका कथालेखन कार्यशाळेत नाव घातले. वातावरण सांगू नका, पंचेंद्रियांनी उभे करा, असा तिथला पहिला धडा. मी सवयीने पाच रकान्यांचा तक्ता आखला आणि विषय घेतला तो आमच्या त्या खोलीचा. दृष्टी: भर दुपारीही पांढुरका, पिठासारखा उजेड. गंध: सरकीचा तेलकट, किंचित कुबट. ध्वनी: जवळजवळ शून्य, कारण कापूस आवाज गिळतो. चव: जिभेला चिकटणारा कोरडा तंतू. स्पर्श: मऊ. शिक्षिकेने तो परिच्छेद सर्वांना वाचून दाखवला.

त्या रविवारी मी कथा फोनवर वैशूला वाचून दाखवली. ती आता बाभुळगावला असते, संसारात. 'मऊ'पाशी ती हसली.

"मऊ? तू कवा झोपली वं ताई त्याच्यात?"

कधीच नाही. त्या वर्षी माझी बारावी होती. "तिले अभ्यास हाय," म्हणून आईने माझी खाट शेजारच्या गुरुजींच्या घरी टाकली होती. दोन्ही घरांत एकच भिंत. वैशूची दहावी होती, हे कोणाला सुचले नाही. ती ढिगाच्या पायथ्याशी झोपे. तंतू उडतात म्हणून पंखा बंद. साठलेल्या कापसात डोळ्यांना न दिसणारे किडे होतात. तिचे हात, मान, पाठ लाल पुरळाने भरून गेली. गणिताच्या पेपरला ती सारखी खाजवते म्हणून पर्यवेक्षकांनी तिचा बाक व्हरांड्यात काढला. मुलींनी खरूज ठरवली. पास होऊनही ती कॉलेजला गेली नाही.

हे सारे तिने मला पहिल्यांदाच सांगितले. इतकी वर्षे मी मैत्रिणींना सांगत आले होते की माझ्या बहिणीला अभ्यासाची आवड नव्हती. गाव सोडून आलेल्या आम्हा पुष्कळांजवळ निरीक्षणाविना काढलेले असे निष्कर्ष असतात, आणि ते आम्ही फार ठामपणे मांडतो.

"हे कथेत लिहू?" मी विचारले.

"नको. ते माहं हाय. तू तुहं लिही."

माझे काय होते? ते सापडायला बरेच दिवस लागले. पहाटेची वेळ, गुरुजींच्या घरची खाट, मांडीवर भौतिकशास्त्राचे पुस्तक. भिंतीपलीकडून आईचा दबका आवाज: "खाजवू नको वं पोरी, रक्त निघन." तो मी ऐकला होता. एकदा नव्हे, रोज. गणिते सोडवताना व्यत्यय नको म्हणून मी कापसाचे दोन बोळे वळत असे आणि कानांत घालत असे.

कथा मी नव्याने लिहिली. तीत ती खोली नाही. खाट आहे, आवाज आहे, बोळे आहेत. स्पर्शाचा रकाना कोरा ठेवला. वैशूला पाठवली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "आता बरोबर हाय, ताई," ती म्हणाली, आणि पोरीच्या शाळेची वेळ झाली म्हणून तिने फोन ठेवला.

इथे कोणी घर कुठले असे विचारले की मी यवतमाळ जिल्हा सांगते. त्या घराची एकच भिंत मला नेमकी ठाऊक आहे, आणि तीही गुरुजींच्या बाजूने.