बुडवलेला महादेव

दुधाच्या कॅनचं झाकण उघडलं, की तो आंबूस वास आजही मला नेकनूरकडच्या डोंगरातल्या महादेवापाशी नेऊन सोडतो.

माझ्या लग्नानंतरचा तो पहिलाच उन्हाळा. चाऱ्यावाचून म्हशी आटल्या होत्या, दूध सोसायटीचे कॅन रिकामे पडले होते. त्यांतच टँकरचं पाणी भरून आम्ही बायका अनवाणी डोंगर चढलो. गाभारा भरून महादेव पुरता बुडवायचा, म्हणजे तो गुदमरून पाऊस धाडतो, अशी आमच्याकडची रीत. पिंड पाण्याखाली गेली, हात जोडून सगळ्या बाहेर पडल्या. माझ्या सासूबाई मात्र मागं रेंगाळल्या आणि तांब्या-तांब्यानं पाणी उपसू लागल्या. पिंडीचा माथा उघडा पडला, तेव्हा कुठं थांबल्या.

"आत्याबाई, कावून काढलं पाणी? आता पाऊस यायचा न्हाई!"

"न्हाई तर न्हाई. त्यालाबी जीव हाय की गं. नाक तरी उघडं ऱ्हाऊ दे."

पाऊस लांबला तो लांबलाच. मी मनातून लई चिडले होते.

आता आत्याबाई नाहीत. घरात नळ आला, तरी माझ्या मागण्या काही संपत नाहीत. पण देवळात हात जोडले, की आधी तोंडून निघतं, "देवा, तू बरा हायेस ना?"