पोर्चमधली फरशी मी धुतली

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. माझ्या रक्तातली साखर किती, पायाचं कुठलं बोट दुखतं, सगळं तिला पाठ आहे, पण हे नाही. थोरल्या भावाला, दादाला, तर नाहीच नाही. आणि वहिनींना — थांबा, वहिनींकडं येतोच आहे. यायचं तिथंच आहे. तरी बघा कसं टाळतोय.

आधी गाडीचं सांगतो. सात वर्षांपूर्वी घेतली, नवीकोरी, पांढरी, आमच्या घरातली पहिली. जन्मभर कंपनीच्या बसनं वाळूजला गेलेला माणूस मी. गाडी आल्यावर डोकंच फिरलं म्हणा ना. रोज सकाळी उठून फडकं मारायचो. कुणी दार जोरात लावलं तर दिवसभर फुगून बसायचो. दादा म्हणायचा, आता तिला पाळण्यात घालून झोका दे. मला लई राग यायचा त्याचा.

तर त्या वर्षीचा दसरा. गाडीची पहिली पूजा. छावणीतल्या एका दुकानातून टायर काळेभोर करायचं पॉलिश आणलं होतं. दुकानदारानं दोनदा बजावलं होतं, हे फरशीवर सांडू देऊ नका, खाली कागद अंथरा, भयंकर घसरतं. मी मान हलवली. कागद अंथरला का? नाही. पूजेला अर्धा तास राहिलेला, मला घाई. तिसऱ्या टायरला बाटलीचं टोपणच निघालं, आणि अर्धी बाटली पोर्चमधल्या फरशीवर.

फडक्यानं पुसलं. पाणी मारलं, तर ते आणखीच पसरलं. वरून बघितलं की काही कळत नव्हतं, फरशी नुसती चकचकीत दिसायची. माझा स्वतःचा पाय सर्रकन गेला. गाडीचा आरसा हातात आला म्हणून वाचलो. म्हणजे — मला माहीत होतं. एवढं एक वाक्य मी सात वर्षं मनातसुद्धा म्हटलेलं नाही. मला माहीत होतं.

मग तोंड का उघडलं नाही? सांगतो, आणि ऐकून तुम्हाला किळस येईल. शेजारचे लोक जमले होते. दादा त्यांच्यासमोर हसला असता. तू आणि तुझ्या गाडीची थेरं, असं म्हणाला असता. बस. तेवढ्यासाठी. पूजा उरकली की गुपचूप धुऊन टाकू असं ठरवलं आणि मी स्वतः कोरड्या बाजूला जाऊन उभा राहिलो.

पूजेला सगळे अनवाणी. ओवाळायचा मान आईचा. वहिनी औक्षणाचं ताट घेऊन तिच्या बरोबरीनं पायरी उतरल्या, ताटात तेलाचा दिवा. खाली उतरून ताट आईच्या हातात देणार, तेवढ्यात आईचा पाय गेला. आई पडली, ताट पडलं, दिव्यातलं तेल फरशीभर झालं.

दादानं आधी आईकडं बघितलं, मग तेलाकडं, आणि वहिनींवर ओरडला.

"तेल सांडलं होतं तर तोंडानं सांगता येत नाय का तुला?"

वहिनी आईचं डोकं मांडीवर घेऊन खाली बसल्या होत्या. म्हणाल्या, "सांडलं असंल हो माझ्याच हातून."

असंल. त्यांना स्वतःलाही खात्री नव्हती. या वहिनी मी नववीत असताना आमच्या घरात आल्या. दहावीला माझा डबा त्यांनी केला, कंपनीतल्या मुलाखतीला घातलेला सदरा त्यांनी शिवला. आणि मी त्यांच्यापासून दोन हात अंतरावर, कोरड्या बाजूला उभा होतो.

आईला त्याच गाडीतून नेलं. झेंडूचा हार तसाच, चाकांखाली ठेवलेली लिंबं चिरडत गाडी गेटबाहेर पडली. दादा, वहिनी, माझी बायको, सगळे गेले. मी म्हणालो, मी घर बघतो. सख्खी आई कण्हत चाललेली, आणि हा म्हणतो घर बघतो! पण कुणाला नवल वाटलं नाही, एवढी गडबड.

त्यांची पाठ वळताच मी गुडघ्यावर आलो. पहिल्यांदा ज्वारीचं पीठ टाकलं, त्याचा लगदा झाला. मग गरम पाणी, भांड्यांचा साबण, तारेचा ब्रश. वहिनींनी पहाटे काढलेली रांगोळी त्यातच गेली. तिकडं दवाखान्यात आईच्या हाडांचे फोटो काढत होते, आणि मी इकडं ओल्या फरशीवर अंगठा घासून बघत होतो, की करकर वाजते का. वाजली तेव्हा हायसं वाटलं. हो, वाटलं. बाटली आणि फडकी पिशवीत बांधली आणि दुसऱ्या दिवशी घंटागाडीत नेऊन टाकली, माझ्या हातानं.

त्याच संध्याकाळी वहिनी कपडे न्यायला घरी आल्या. स्वच्छ फरशी बघून तिथंच थांबल्या. मला हात जोडले त्यांनी.

"माझं सांडलेलं तुम्ही निस्तरलंत, भाऊजी."

मी काय म्हणालो असेन? "असू द्या," म्हणालो.

आईचा खुबा मोडला होता. ऑपरेशन झालं, वॉकर आला, आणि वर्षभरात वॉकरही सुटून खाटच धरली. वहिनी घरी शिवणाचा क्लास घ्यायच्या, गल्लीतल्या दहा-बारा पोरी यायच्या. तो बंद केला. बंद कर असं कुणी म्हणालं नव्हतं. पाच वर्षं आईची अंघोळ, वेणी, कूस बदलणं, भरवणं, सगळं त्यांनी केलं. मी कामावरून आलो की पाच मिनिटं आईजवळ बसायचो, आणि पाहुणे म्हणायचे, पोरगं गुणाचं आहे.

अजून एक राहिलंय. हे सांगायचं नाही असं ठरवून बसलो होतो. वैजापूरला भाचीच्या हळदीला वहिनींनी तेलाची वाटी उचलली. मी मोठ्यानं म्हणालो, अरे, त्यांच्या हातात नका देऊ, एक माणूस खाटेवर आहेच! मी म्हणालो. मीच. सगळे हसले. वहिनीही हसल्या, आणि वाटी खाली ठेवली.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. शेवटच्या आठवड्यात वहिनींनी तिचे पाय धरले आणि त्या दिवसाची माफी मागितली. "माफ तर कधीच केलं गं पोरी," आई म्हणाली, आणि त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मी खिडकीशी औषधाचं पाकीट घेऊन उभा होतो. दोघी समोर होत्या, खोलीत चौथं कुणी नव्हतं. मी पाकिटावरची अक्षरं वाचत राहिलो.

वहिनी आता औक्षणाच्या ताटाला हात लावत नाहीत. दसऱ्याला गाडी मी ओवाळतो. माझा हात धीराचा आहे, असं घरात म्हणतात. यंदाही त्यांनी दिवा लावून ताट ओट्यावर ठेवलं आणि स्वतः उंबऱ्याच्या आत उभ्या राहिल्या. मी ताट उचललं, पायरीवर आलो, आणि मागून त्या म्हणाल्या,

"भाऊजी, जपून. फरशी बघून पाय टाका."

सात वर्षांपूर्वी माझ्या तोंडून एवढंच निघायला हवं होतं. मी "बरं वहिनी" म्हणालो, खाली उतरलो आणि गाडी ओवाळली.