टोकासकट महाळुंग

आमच्या लोणारात ह्या कंडक्टरएवढा किटकिट्या माणूस देवानं दुसरा घडवला नाही, अन् घडवला असता तर ह्यानं खोट काढून त्याले वापस धाडला असता. हा ज्यू, मूळचा कोकणातला. येष्टीच्या नोकरीत इकडं आला अन् रिटायर होऊन इथंच राह्यला. पावसाळा सरला का त्याचा मांडवाचा सण येते. अंगणात झोपडं घालाचं अन् त्यात बसून जेवाचं. एका साली मी त्याले कापसाच्या पऱ्हाट्यांचं असं दाट छप्पर घालून देल्लं, का थेंब आत येणार नाही. हा खाली उताणा झोपला अन् म्हणे, "अरे, छपरातून चांदण्या दिसल्या पाहिजेत, तसा नेम आहे. थोड्या काढ." "अन् पाणी आलं तं?" म्हटलं. "घरात जाऊ. घर कशाला बांधलंय?" आता याले काय म्हणाव!

त्या सणाले झाडपाला लागते: खजुरीचा मिटलेला कोंब, विलायती मेंदी अन् ओढ्यावरचं वाळुंज यांची जुडी एका हातात, दुसऱ्यात महाळुंग, ते लिंबाच्या जातीचं मोठं फळ. प्रार्थना म्हणून सगळ्या दिशांले हालवाचं. मी विचारलं, "माशा हाकलून राह्यला का बे?" हालवतच म्हणे, "हाकलतोय, पण तू जात नाहीस." खरा तमाशा मात्र महाळुंगाचा. डाग नको, भोक नको, अन् देठाच्या उलट्या बाजूचं बारकं टोक शाबूत पाहिजे. फाटकी नोट पाह्यल्यासारखा उन्हात फिरवून पाहे. बाजारातले सारे नापास. पास व्हायचं ते आमच्या परसातलं, कारण ते माही बायको तोडे, खाली पदर धरून.

ती यंदाच्या उन्हाळ्यात गेली. झाडाले एकच धड फळ होतं. सणाच्या आदल्या दिवशी मी ते तोडाले गेलो, अन् माह्या रांगड्या हातानं टोक मोडलं.

तसंच नेलं. ती गेल्यापासून समदे मले माफच करून राह्यले होते. मी कोणाले शिवी देल्ली तरी "असू द्या बाबा" म्हणत, अन् तिचं नाव काढाले लोक भेत. कंडक्टरनं महाळुंग उन्हात धरलं.

"नाही चालत."

"एवढूसं टोक हाय बे!"

"पहिल्या दिवशी अख्खं लागतं. मोडकं पुढच्या दिवसांना चालतं. वहिनींनी तोडलं असतं असं?"

"नसतं."

"मग? धसमुसळा कुठला!"

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कोणी मले रागावलं.

सणाच्या सकाळी त्याचा एक हात रिकामाच राह्यला. म्हातारे डोळे ओले झालते त्याचे. मीबी झोपड्यात जाऊन बसलो. तोंड फिरवून तो म्हणे, "तुझी बायकोसुद्धा काही कमी नव्हती. चहात साखर घालताना जीव जायचा तिचा. अन् पत्त्यात तर उघड उघड लबाडी करायची."

"हाव, करे," म्हटलं. "अजून सांग."

चिडलेला होता, पण सांगत बसला.