बुधवारचं गाव

आमच्या ह्यांनी मला त्या गावाला पहिल्यांदा नेलं तेव्हा बसमध्ये खिडकीची जागा मला दिली. लग्नाला सदतीस वर्षं झाली, खिडकी कधी मला मिळाली नव्हती. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

हे अंधेरीच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला होते. दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. तेव्हापासून वाकोल्याच्या आमच्या चाळीच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. कंपनीतला त्यांचा एक मित्र आपल्या बायकोच्या माहेरगावी जाऊन राहिला होता. घाटावरचं बाजाराचं गाव. त्याचा फोन आला की हे उभं राहून बोलायचे. एके दिवशी फोन ठेवून म्हणाले, "तिथे एक घर निघालंय. मागे नदी आहे. आपली खोली विकून आरामात येईल. जाऊन बघू या?"

आमचं स्वतःचं गाव कोकणात, पण तिथे आता आमच्या वाट्याला काही राहिलेलं नाही. वाकोल्याची ही खोलीच काय ती आमची, आणि ती माझ्या नावावर आहे. कंपनी मध्ये एकदा बंद पडायला आली होती, तेव्हा ह्यांनीच ती माझ्या नावावर केली. म्हणाले होते, बाईच्या नावावर असली की कोणी हात लावत नाही. म्हणजे विकायची तर सही माझी. सही करायला मला वेळ लागतो, चौथीपर्यंतच शाळा झाली. त्या दिवसांत सगळे माझ्याशी जरा जास्तच गोड बोलत होते.

गाव सुंदर होतं, ते नाकारून चालणार नाही. तिन्ही बाजूंनी डोंगर, कौलारू घरं, दगडी घाट, नदीला पाणी. आम्ही गेलो तो बुधवार होता. बुधवारी तिथे आठवड्याचा बाजार भरतो. रस्ताभर भाजी, मिरच्या, घोंगड्या, बांगड्या, एसटीवर एसटी येत होत्या. चहाच्या टपरीवर लोकांनी ह्यांना हात धरून बसवलं.

"रामराम पाव्हणं. कुठलं म्हणायचं?"

ह्यांनी सांगितलं. कोकणातलं गाव सांगितलं, वडील गिरणीत होते ते सांगितलं, कंपनीचं सांगितलं. ऐकणारे मान हलवत होते. मग एक न्हावी आला, त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मी मागे पिशवी धरून उभी. मला कोणी "तुम्ही कुठल्या" विचारलं की माझ्या घशाला कोरड पडते. मुंबईत मला कोणी काही विचारत नाही, म्हणून मला मुंबई आवडते. हे मी कधी कोणाला सांगितलेलं नाही.

बाजारात मासळीही होती. ह्यांचा चेहरा उजळला. आनंद झाला की हे मालवणीत बोलतात. "बघ गो, बांगडो आसा. आता काय व्हया?" कोकणातल्या माणसाला जिथे मासा मिळाला तिथे सगळं मिळालं. मी बांगड्याचे कल्ले उचलून बघितले. तपकिरी झाले होते, डोळे आत गेलेले. मासेवालीला हळूच विचारलं, कुठून येतो?

"मुंबईवरनं येतोय ताई, बर्फातनं," ती अभिमानाने म्हणाली.

घर दोन खोल्यांचं, ओटा, मागे शेवग्याचं झाड आणि खाली नदी. घरमालकीण माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी. तिचा नवरा आतल्या खोलीत खुर्चीवर बसून होता, आमच्याकडे बघून नुसता हसला. तिने मला कुंकू लावलं, ओटी भरली. हे आणि त्यांचा तो कंपनीतला मित्र पाणी किती वेळ येतं, कौलं कधी बदलली, असं विचारत होते. मित्र म्हणाला, "मुलाकडे चाललेत मालाडला. नातवंडं बोलावतायत." मालकिणीने मान खाली घालून चहाचे कप गोळा केले.

एवढं चांगलं घर, एवढं चांगलं गाव, मग हे लोक मालाडला का चाललेत? हा प्रश्न तिथेच माझ्या तोंडात आला होता. पण चार माणसांत तोंड उघडणं मला जमत नाही. मी ओटीतला नारळ घट्ट धरला आणि बसमध्ये बसले. खिडकी पुन्हा मलाच.

त्यानंतर आम्ही आणखी दोनदा गेलो. तिसऱ्या वेळी हे म्हणाले, "बघ, दवाखाना अगदी समोर. माझ्या शुगरची काळजी नको." पांढऱ्या पाटीवर निळी अक्षरं होती. शिकलेली माणसं पाटीकडे नजर टाकतात आणि पुढे जातात. मी एकेक अक्षर लावत वाचते, त्यामुळे पाटी शेवटपर्यंत वाचून होते. डॉक्टरांच्या नावाखाली, वेळेच्या आधी, बारीक अक्षरात लिहिलं होतं: दर बुधवारी.

घरी आल्यावर भाकरी थापता थापता विचारलं, "आपण नेहमी बुधवारीच का जातो?"

"अगं, बाजार असतो ना. जेवायला मासे मिळतात." मग ताट पुढे ओढत, "का?"

"काही नाही."

चार दिवसांनी खोलीला गिऱ्हाईक आलं, कागद तयार झाले आणि कपाटाच्या खणात माझ्या सहीची वाट बघत पडले. हे रोज एकदा तरी खण उघडून बघायचे. मी सांगितलं, मुलुंडला मुलीकडे दोन दिवस जाऊन येते. मुलीला मात्र खरं सांगितलं.

"आई, तू एकटी एसटीने? तू तर रिक्षावाल्यालाही पत्ता मलाच सांगायला लावतेस."

"जाते मी. तू बाबांना बोलू नको."

सोमवारी पहाटे तिने मला एसटीत बसवून दिलं. पाच तास मी पिशवी मांडीवर धरून बसले होते. त्या गावात उतरणारी मी एकटीच. स्टँड तोच, डोंगर तेच, पण मला वाटलं चुकीच्या ठिकाणी उतरले. बाजाराचा रस्ता मोकळा, लांबच लांब, मधोमध कुत्री झोपलेली. दुकानांच्या फळ्या लावलेल्या. टपरीवाला एकटाच बसला होता. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ताई, आज कशा काय? आज बाजार न्हाई."

मी मान हलवली आणि भरभर चालू लागले. दवाखान्याचं शटर खाली होतं, कुलूप धुळीने माखलेलं. चालताना दोन दारांतून बायका बाहेर आल्या, एकमेकींना काहीतरी म्हणाल्या. मुंबईत गर्दीत मला कोणी बघत नाही, इथे कोणी नसताना सगळे बघत होते.

मालकिणीने दार उघडलं आणि काही न विचारता आत घेतलं. गुळाचा चहा केला. तिच्या नवऱ्याला तिने चहा स्वतःच्या हाताने पाजला, तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं. त्याचा उजवा हात मांडीवर पडून होता, जसा कोणी दुसऱ्याने आणून ठेवलेला. तिन्ही वेळा आम्ही आलो तेव्हा त्यावर शाल होती.

माझा चहा संपला. दुसरा कपही संपला. शेवटी मी जमिनीकडे बघत विचारलं, "तुम्ही का चाललात?"

तिने नवऱ्याचं तोंड पदराने पुसलं. मग म्हणाली, "कुणी इचारलंच न्हाई बघा. समदी पाण्याचं इचारत्यात." कप खाली ठेवून म्हणाली, "गाव वाईट न्हाई. माणसं चांगली हायेत. पर ह्यांच्या अंगावरनं वारं गेलं ते शुक्रवारी. बुधवारी गेलं असतं तर हात वाचला असता."

"मग आम्हाला सांगितलं का नाही?"

"इचारल्याबिगर कसं सांगू? आमाला बी घर इकायचंय की." तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुमी इचारलंत, म्या सांगितलं. खोटं न्हाई बोलले."

तिचा मला राग आला नाही. तिच्या जागी मीही शालच टाकली असती.

बाहेर आले तर मित्र स्कूटर घेऊन उभा. मला येऊन तासही झाला नव्हता. "वहिनी, काय झालं? एकट्या कशा? दादा बरा आहे ना?" मी म्हटलं, सहज आले होते. सहज पाच तासांवर कोणी येत नाही, हे त्यालाही कळलं, मलाही. बस सुटण्याआधीच त्याने खिशातून फोन काढलेला मी खिडकीतून पाहिला.

रात्र मुलीकडे काढून मंगळवारी सकाळी मी घरी पोहोचले. हे दारातच होते.

"मुलुंड फार लांब गेलं वाटतं," हे म्हणाले.

मी चपला काढल्या. हात धुतले. मग सगळं सांगितलं: कुत्री, शटर, शाल, शुक्रवार. बोलता बोलता माझा आवाज चढला, तो माझा मलाच ओळखू आला नाही. हे ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "दवाखान्याची पाटी मी पहिल्याच दिवशी वाचली होती."

म्हणजे माझा संशय खरा होता. खरा ठरल्यावर बरं वाटेल असं मला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही.

"वाचलीत तरी मला नेलंत?"

"तिथे माणसं विचारतात गं, कुठले, काय करता. इथे दोन वर्षं गॅलरीत बसलोय. उद्या मेलो तर कोणाला कळेल?"

"मी घरातच असते ना."

"तू असतेस. पण तू बोलतेस कुठे?"

मी आत जाऊन तांदूळ निवडत बसले. निवडलेलेच पुन्हा निवडले. मग बाहेर येऊन मी म्हणाले, "सही करते. पण आधी तुम्ही गुरुवार ते मंगळवार तिथे राहून या. मित्राकडे राहा. बुधवार मध्ये नको. आल्यावर म्हणालात की करायचं, तर मी पेन उघडते."

"बघ हां. मागे फिरशील."

"तुम्ही फिरू नका."

गुरुवारी सकाळी हे गोळ्या, स्वेटर घेऊन निघाले. खिडकीची जागा आता त्यांना मिळणार होती.

पुढचं मी कोणाला सांगितलेलं नाही.

त्याच दिवशी दहा वाजता मी ह्यांचे चार शर्ट घेऊन खाली उतरले. जिन्याखाली इस्त्रीवाला बसतो. अठरा वर्षं बसतो, पण मी त्याच्याशी आकड्याशिवाय बोलले नव्हते. चार. सहा. उद्या. त्या दिवशी शर्ट ठेवले आणि उभीच राहिले. त्याने वर पाहिलं.

"हे गावाला गेलेत," मी म्हटलं. "घर बघायला. कदाचित कायमचे जातील."

त्याने इस्त्री बाजूला ठेवली. "काका? कायमचे? मग मला पेपर कोण वाचून दाखवणार?"

मला काही कळेना. तो म्हणाला, "रोज दुपारी काकी. तुम्ही झोपता ना, तेव्हा काका खाली येतात. माझ्या मुलाला त्यांनीच मराठी वाचायला शिकवलं. पेपर वाचतात, स्वतःचं काही बोलत नाहीत. जाणार हेही बोललेच नाहीत. ये तो गलत बात है."

दुपारी मी झोपते, हे खरं. हे गॅलरीत बसून असतात असं मी धरून चालले होते. माणसावर एवढा संशय घेतला, आणि जे समोर होतं ते दिसलंच नाही.

तिथून मी दूधवाल्याकडे गेले. पिशवी घेतली आणि तेच वाक्य म्हटलं. मग कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे गेले, ह्यांच्या शुगरच्या गोळ्या तिथूनच येतात. तिथेही म्हटलं. तिसऱ्या वेळी घसा कोरडा पडला नाही. घरी येऊन मात्र दोन तांबे पाणी प्यायले.

हे रविवारी दुपारीच आले, दोन दिवस आधी. मी गॅलरीतून पाहिलं, रिक्षातून उतरले, हातात मेथीची जुडी. केमिस्टने काउंटरवरून हाक मारली. तिथे उभे राहिले. मग दूधवाला. मग इस्त्रीवाल्याने त्यांची बॅग काढून घेतली आणि स्टूल पुढे केलं. खालून आवाज येत होता: "काका, बताया नहीं?" हे काहीतरी सांगत होते, हातवारे करत होते. डोंगर दाखवावेत तसा हात वर गेला. पुन्हा पहिल्यापासून. वर यायला त्यांना पाऊण तास लागला.

मी चहा ठेवला होता, तो दोनदा गरम केला.

"गाव छान आहे," हे बसत म्हणाले.

"शुक्रवारी काय केलंत?"

"काही नाही." चहा प्यायले. "शनिवारी पण काही नाही. सगळ्यांना माझं सांगून झालं होतं." मग माझ्याकडे बघत म्हणाले, "खाली सगळ्यांना कसं कळलं, मी जाणार म्हणून?"

"मला काय माहीत. चाळ आहे."

मी मेथी निवडायला घेतली. ती मात्र अगदी ताजी होती.

संध्याकाळी त्यांनी खणातले कागद काढले आणि गिऱ्हाइकाला फोन करून नाही म्हणून सांगितलं. मला पेन उघडावं लागलं नाही. मालकिणीचं घर नंतर कोणी घेतलं की नाही, मला माहीत नाही. मालाडला येतील तेव्हा भेटायला जायचं मनात आहे. तिच्याशी बोलायला मला भीती वाटत नाही.

आता इस्त्रीचे कपडे हे स्वतःच खाली नेतात, मला नेऊ देत नाहीत. इस्त्रीवाला त्यांना काय सांगतो, ते मी विचारत नाही. परवा वर येऊन म्हणाले, "तो म्हणतो, काकी फार छान बोलतात."

"दुसरी कोणी असेल," मी म्हटलं.

"असेल," हे म्हणाले, आणि दुपारी मला झोपू न देता गॅलरीत माझ्यासाठी दुसरी खुर्ची टाकली.