बिनडब्याचे स्पीकर

शेजारणीचं लाटणं आमच्या सामाईक भिंतीवर वाजलं की मी दात-ओठ खात आवाज कमी करायचे. पाच-सहा वर्षं हे असंच चाललं होतं. माधव नगरातल्या आमच्या दोन घरांची भिंत एकच, आणि तीही पातळ. माझ्या स्पीकरचा खर्ज थेट तिच्या स्वयंपाकघरात जायचा. "दीदी, ज़रा धीमे! मेरी बरनियाँ नाच रही हैं!" असं ती पलीकडून ओरडायची. एरवी आमचं बोलणं फारसं नव्हतं. मी मराठी, पेशाने मास्तरीण; ती हिंदी बोलणारी, लोणच्या-पापडात गढलेली, बोलणार काय?

आई गेल्यावर मी घरात एकटीच उरले. लग्न केलं नाही, त्याचं दुःखही केलं नाही. पण निवृत्तीनंतर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणं थांबलं आणि दिवसाला दहा वाक्यं बोलले तरी खूप, अशी वेळ आली. मग रोज संध्याकाळी सहाला गाणं लावू लागले. खरं सांगायचं तर मला गाणं नको असायचं, तबल्याचा डग्गा हवा असायचा. तो छातीशी घुमला की खोलीत आणखी कुणी बसलंय असं वाटायचं. आणि नेमकं तेवढंच ही बाई लाटण्याने बंद पाडायची. रडायला यायचं, पण त्याहून जास्त राग यायचा.

शेवटी हट्टाला पेटले. स्पीकर करायचे ते डब्याशिवाय. नुसती रुंद फळी, तिला भोक, त्यात पंधरा इंची स्पीकर. त्याचा कागदी पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हाच मागची हवा ओढतो. फळीच्या कडेला हे ढकलणं आणि ओढणं एकमेकांना खाऊन टाकतं. म्हणजे पुढे आवाज, मागे आवाज, कडेला जवळजवळ काही नाही. लांब बसणाऱ्याच्या वाट्यालाही खर्ज फारसा येत नाही. हातभर अंतरावर बसलं तर मात्र भरपूर. मला कुठे मैफल भरवायची होती? घरात खुर्ची एकच लागत होती.

टावर चौकाजवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडून जुने, मोठे स्पीकर आणले. फळ्या देवास गेटच्या सुताराने कापून दिल्या. "मैडम, डिब्बा कब बनवाओगी?" असं त्याने दोनदा विचारलं. डबा नाहीच म्हटल्यावर त्याने ज्या नजरेने पाहिलं, ती मला नवी नव्हती. लग्न नाहीच म्हटल्यावरही लोक तसंच पाहायचे.

पहिली फळी अरुंद पडली, खर्ज अगदी पुचाट निघाला. मग दोन्ही बाजूंना आणखी फळ्यांचे पंख जोडले. फळ्या डुगडुगत होत्या, म्हणून त्यांच्या पायांवर वाळूच्या पिशव्या ठेवल्या. शेवटी दोन्ही फळ्या खुर्चीपासून हातभरावर उभ्या राहिल्या, तोंडं माझ्याकडे, कडा शेजारणीच्या भिंतीकडे.

सहाला डग्गा लावला आणि माझे डोळेच भरून आले. इतका जवळ तो कधी आला नव्हता. उठून भिंतीपाशी गेले. तिथे नुसती कुजबूज. लाटणं गप्प. जिंकले!

दुसऱ्या दिवशी आवाज थोडा वाढवला. लाटणं गप्पच. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की मी गाणं ऐकतच नाहीये, भिंतीकडे बघत बसलेय. चौथ्या दिवशी अर्ध्यातच बंद करून टाकलं. इतकी रिकामी संध्याकाळ आई गेली त्या आठवड्यातही वाटली नव्हती.

पाचव्या दिवशी सकाळीच भिंतीवर धपाधप लाटणं वाजायला लागलं. स्पीकर तर बंद होते! मी तणतणत बाहेर आले, तर ती माझ्याच दाराशी येऊन पोचलेली. हात पिठाने माखलेले, धाप लागलेली.

"अब क्या हुआ? सब बंद पड़ा है!" मी ओरडले.

तिने चौकट धरली. "चार दिन से आपकी ढम-ढम नहीं आई, दीदी. हम समझे कहीं गिर-विर गईं. अकेली रहती हो, किसको पता चलता?"

ती माझ्याकडे वरपासून खालपर्यंत नीट पाहून, "चलो, ठीक हो," म्हणत परत गेली. दाराच्या चौकटीला तिचं पीठ लागलं होतं. मी ते पुसलं नाही.

मी रोज धडधाकट असल्याचं भिंतीपलीकडे कुणीतरी ऐकत होतं, आणि मी पंधरा दिवस राबून तेच बंद केलं होतं. माझी मलाच कीव आली.

संध्याकाळी वाळूच्या पिशव्या सरकवल्या आणि उजवीकडची फळी फिरवली. तिचं तोंड आता भिंतीकडे, कड माझ्याकडे. तिचा खर्ज मला ऐकू येत नाही; डग्गा निम्माच उरला. छातीशी पूर्वीसारखं काही घुमत नाही.

सहाला गाणं लावलं. दहा मिनिटांत पलीकडून लाटणं वाजलं. मी आवाज कमी केला नाही. ते पुन्हा वाजायची वाट बघत बसले.